मासळीचं सांडपाणी, विहिरीचं पाणी

ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळची तळोजा एमआयडीसी देशभर गाजली, ती कारखान्याच्या रंगाने निळ्या पडलेल्या कुत्र्यांमुळे. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून बोंब झाली. याच वसाहतीत मासळीप्रक्रियेचे कारखानेही आहेत. मासळी धुतलेल्या पाण्यात रक्त, चरबी, खवले आणि मीठ असतं.

असं पाणी अस्तर नसलेल्या तळ्यात साठवलं, की मुरतं. त्यातल्या घाणीचा फडशा पाडताना जिवाणू भूजलातला प्राणवायू संपवतात. मग खडकातलं लोह आणि मँगनीज विरघळून विहिरीत उतरतं. उपसलेलं पाणी आधी नितळ दिसतं, हवा लागली की तांबूस. याच घाणीतून तयार होऊ शकणारं नायट्रेट मात्र दिसतही नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

मीठ तर कुठलाच जिवाणू खात नाही. त्यात इथला काळा कातळ भेगाळलेला. झिरपलेलं पाणी कुणाच्या बोअरला लागेल, याचा अंदाज तपासणीशिवाय येत नाही.