सीमेपलीकडचे करार – ७ : निवाडा डॉलरमध्ये, वसुली रुपयांत

परदेशी लवादाचा निवाडा रोखून धरायला भारतीय कायद्यात मोजकीच कारणे आहेत, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. समजा, ते सगळे आक्षेप फेटाळले गेले. निवाडा आहे डॉलरमध्ये; पण ज्याच्याकडून वसुली करायची त्याची जमीन, यंत्रे आणि बँकेतली खाती रुपयांत. मग दर कोणत्या दिवसाचा धरायचा? ज्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर ही सगळी व्यवस्था उभी आहे, त्यात याबद्दल एक शब्दही नाही. प्रत्येक देशाच्या न्यायालयांनी आपापले उत्तर शोधले.

आपले उत्तर ‘फोरासोल विरुद्ध ओएनजीसी’ या खटल्यात मिळाले. फोरासोल ही तेलविहिरी खोदणारी फ्रेंच कंपनी. करार १९६४ चा, आणि दोनच वर्षांनी, जून १९६६ मध्ये, रुपयाचे अवमूल्यन झाले. निवाड्यातली काही रक्कम फ्रँकमध्ये होती. निकाल लिहिला न्या. दि. प. मादन यांनी, भिवंडी-जळगावच्या दंगलींच्या चौकशीमुळे हे नाव महाराष्ट्राला आधीच ठाऊक होते. त्यांनी पाच तारखा समोर ठेवल्या: पैसे देणे झाले तो दिवस, दावा दाखल झाला तो, हुकूमनामा झाला तो, दरखास्तीत वसुलीचा आदेश निघाला तो, आणि प्रत्यक्ष पैसे दिले तो. पहिली तारीख धरली तर रुपया घसरत असताना देणेकऱ्याला उशीर करण्याचा मोबदलाच मिळतो. शेवटची धरली तर कोर्ट फी किती, कोणत्या न्यायालयाला अधिकार, जप्ती किती रुपयांची, हे काहीच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हुकूमनाम्याचा दिवस निवडला. त्याआधी १९७५ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘मिलियांगोस’ खटल्यात, स्विस फ्रँकमध्ये सूत विकणाऱ्याच्या बाजूने, वसुलीला परवानगी मिळेल त्या दिवसाचा दर मान्य केला होता. मादन यांनी तो निकाल बारकाईने तपासला, पण तितके पुढे जायचे नाही असे ठरवले.

या नियमाचे वजन किती, हे ‘रेणुसागर’ खटल्यात कळले. रेणुसागर कंपनीच्या उत्तर प्रदेशातल्या रेणुकूटच्या औष्णिक वीज केंद्राची यंत्रसामग्री अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने पुरवली होती. हप्ते आणि त्यांवरचे व्याज यांवरून वाद पेटला, आणि १९८६ मध्ये लवादाने जनरल इलेक्ट्रिकला १ कोटी २२ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. अंमलबजावणीचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ७ ऑक्टोबर १९९३ रोजी संपला. निवाड्याच्या वेळी डॉलर साडेबारा रुपयांच्या आसपास होता. निकालाच्या दिवशी ३१ रुपये ५३ पैसे. खटला चालू असताना जी रक्कम भरली गेली होती तिला तिच्या भरण्याच्या दिवसाचा दर लागला, उरलेल्या देण्याला निकालाच्या दिवसाचा.

आता हाच फरक व्याजाच्या नजरेने पाहा. सात वर्षांत साडेबाराचे साडेएकतीस होणे म्हणजे रुपयांत मोजल्यास दरसाल सुमारे १४ टक्के चक्रवाढ. लांबलेल्या खटल्यात धनकोला एवढी भरपाई एकट्या विनिमय दरातूनच मिळून जाते. म्हणून दराची तारीख आणि व्याजाचा दर हे दोन वेगळे प्रश्न समजून सोडवले की अन्याय होतो, असे माझे ठाम मत आहे. रुपयावरचे व्याज चढे असते, कारण रुपया झिजणार हे त्यात आधीच धरलेले असते. डॉलर किंवा युरोच्या रकमेवर रुपयाचे व्याज लावणे म्हणजे एकाच झिजेची भरपाई दोनदा देणे.

हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘वेदांत विरुद्ध शेन्झेन शानडोंग’ या खटल्यात सांगितले. इथला लवाद भारतातलाच होता, पण काही रक्कम युरोत होती. लवादाने सरसकट ९ टक्के व्याज दिले आणि १२० दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के. न्यायालयाने १५ टक्क्यांचा तो भाग काढून टाकला. रुपयांच्या रकमेवर ९ टक्के ठेवले आणि युरोच्या रकमेवर लिबॉर (लंडनच्या बँका एकमेकींना कर्ज देत तो दर) अधिक ३ टक्के. हा निकाल मला मनापासून पटतो. भारतातल्या निवाड्यात व्याजाबद्दल काही म्हटले नसेल तर १९९६ च्या कायद्याने पूर्वी १८ टक्के लागत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चालू दराच्या वर २ टक्के. देणेकऱ्याला धाक वाटेल इतके व्याज हवेच, पण ते शिक्षेसारखे नको.

तारखेचा प्रश्न मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डीएलएफ विरुद्ध कोंचार’मध्ये पुन्हा उभा राहिला. क्रोएशियाच्या कंपनीचा युरोतला निवाडा, २००४ चा. आक्षेप फेटाळले जाऊन तो अंमलबजावणीयोग्य ठरला १ जुलै २०१४ रोजी. पण डीएलएफने २०१० मध्येच साडेसात कोटी रुपये न्यायालयात भरले होते. न्यायालयाने म्हटले, साधारण नियम म्हणून निवाडा अंमलबजावणीयोग्य ठरला तो दिवस. भरलेल्या साडेसात कोटींसाठी मात्र ते भरल्याचा दिवस. पैसे देणेकऱ्याच्या हातून गेले आणि धनकोला तारण देऊन ते उचलता आले असते, तर त्यापुढच्या चढउताराचे ओझे देणेकऱ्यावर ठेवता येणार नाही.

तर्क सरळ आहे, तरी एक बाजू मला सलते. तारणाची अट मोठ्या कंपनीला जड जात नाही. परदेशातल्या एखाद्या छोट्या पुरवठादाराला मात्र कोट्यवधींची बँक गॅरंटी मिळवायची तर बँक तेवढ्याच तोलाची मालमत्ता अडकवून ठेवायला सांगते. त्याच्यासाठी ‘उचलता आले असते’ हे कागदावरच राहते. अशा वेळी न्यायालयाने भरलेली रक्कम निदान व्याज देणाऱ्या ठेवीत गुंतवण्याचा आदेश पहिल्याच तारखेला द्यायला हवा, आणि धनकोच्या वकिलाने तो मागितलाच पाहिजे.

ज्यांचे परदेशी करार आज लिहिले जात आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. ‘वेदांत’मध्ये वापरलेला लिबॉर आता नाही: युरोचा २०२१ अखेर बंद झाला, डॉलरचा जून २०२३ मध्ये. जुन्या कराराची नक्कल करून तोच शब्द नव्या कलमात ठेवला, तर व्याजाचा आधार कोणता यावरच नवा वाद सुरू होईल. डॉलरसाठी सोफर, युरोसाठी युरिबोर असा आजचा दर नावाने लिहा, त्यावर किती टक्के हे लिहा, आणि ते सरळ की चक्रवाढ हेही लिहा.