चूक सेमीकोलनची, बोट मॅक्रोकडे

आजचा भाग कोडचा आहे, पण स्क्रीन समोर नसली तरी चालेल. लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये कानात घालून ऐकता येईल असाच सांगतो. कोड लागेल तिथे मी तो बोलून दाखवणार आहे, म्हणून हे वाचणाऱ्यांनाही कोडची चौकट दिसणार नाही. सवय करून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये एक मुलगा आला. कॉलेजमधून थेट, रस्ट स्वतःच शिकलेला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला एक छोटं काम दिलं होतं: दिवसभराचे व्यवहार वाचायचे, बेरीज जुळवायची, जतन करायचे. एकच असिंक फंक्शन, जेमतेम तीस ओळींचं. मंगळवारी स्टँडअपला विचारलं, म्हणाला, "चालू आहे." बुधवारीही "चालू आहे." संध्याकाळी चहाला टपरीवर गेलो, तेव्हा म्हणाला, "दादा, मला वाटतं मला असिंक कळतच नाही. ती दुसरी टीम पायथनवर आहे ना? तिकडे जाऊ का मी?"

मी लॅपटॉप बघायला गेलो आणि दोन मिनिटांत लाजलो. कारण एरर ज्या ओळीवर बोट दाखवत होता ती ओळ त्याची नव्हती. माझी होती.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते पटकन. रस्टमध्ये फंक्शनच्या डोक्यावर हॅश आणि चौकोनी कंसात एक नाव लिहिता येतं, त्याला ॲट्रिब्यूट म्हणतात. कंपायलर तुमचं अख्खं फंक्शन त्या नावाच्या मॅक्रोच्या हातात देतो. मॅक्रो त्याची मोडतोड करून नवा मजकूर परत देतो आणि कंपाइल होतो तो हा नवा मजकूर, तुम्ही लिहिलेला नाही. तहसील कचेरीबाहेरचा टायपिस्ट आठवा. तुम्ही तोंडी सांगता, तो त्याच्या साच्यात अर्ज टाइप करून देतो, आणि आतला क्लार्क अर्ज परत करतो तेव्हा त्याच्या हातात टायपिस्टचा कागद असतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: मॅक्रोला टाइप कळत नाहीत. त्याला फक्त टोकन दिसतात, म्हणजे शब्द, कंस, चिन्हं. टाइप तपासणी त्याच्यानंतर होते, तोवर टायपिस्ट घरी गेलेला असतो.

माझ्या मॅक्रोचं नाव होतं टाइम्ड. काम एकच, असिंक फंक्शनला किती वेळ लागला ते मोजायचं. (ट्रेसिंग नावाच्या क्रेटमध्ये इन्स्ट्रुमेंट हा तयार मॅक्रो आहे, मग स्वतःचा कशाला? कारण मी तेव्हा २६ वर्षांचा होतो आणि मला मॅक्रो लिहून बघायचा होता. दुसरं काही कारण नाही.)

मोजायचं कसं? सुरुवातीला घड्याळ बघायचं, मग फंक्शनचं पोट, मग परत घड्याळ. पण फंक्शनच्या मधेच कुणी रिटर्न केलं, किंवा प्रश्नचिन्ह वापरलं आणि तिथे चूक निघाली, तर शेवटच्या घड्याळापर्यंत आपण पोचतच नाही. म्हणून युक्ती अशी की मॅक्रो फंक्शनचं पोट एका असिंक मूव्ह ब्लॉकमध्ये गुंडाळतो आणि त्या ब्लॉकला अवेट करतो. आता आतलं रिटर्न किंवा प्रश्नचिन्ह फक्त ब्लॉकमधून बाहेर पडतं, फंक्शनमधून नाही. मग वेळ नोंदवायचा, आणि ब्लॉकमधून जे आलं ते "आउट" नावाच्या व्हेरिएबलमधून परत करायचं. रस्टमध्ये असिंक आणि अवेट स्थिर झाले २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, १.३९ आवृत्तीत, आणि ही गुंडाळायची पद्धत तेव्हापासून सगळीकडे आहे.

आणि भानगड इथेच आहे. फंक्शनला परतीचा टाइप सांगता येतो, बाण काढून. असिंक ब्लॉकला तशी जागाच नाही. त्याचा टाइप कंपायलरने आतल्या मजकुरावरून ओळखायचा. म्हणजे त्या मुलाने वर स्वच्छ लिहिलं होतं की हे फंक्शन रिझल्ट देतं, पण माझ्या गुंडाळीने ते विधान बाहेर राहिलं, आणि आत कंपायलर अंदाज करत बसला.

त्या मुलाची चूक काय होती? शेवटच्या ओळीत जतन करणाऱ्या फंक्शनला हाक, अवेट, आणि सवयीने मारलेला एक सेमीकोलन. रस्टमध्ये शेवटच्या ओळीवर सेमीकोलन म्हणजे किंमत टाकून दिली, ब्लॉक रिकामे कंस परत करतो. बस. सगळ्यांकडून होते ही चूक, माझ्याकडून अजूनही होते.

पण त्याला दिसत काय होतं? दोन एरर. पहिला टाइम्डच्या ॲट्रिब्यूटवर लाल रेघ ओढून म्हणत होता, रिझल्ट हवा होता, मिळाले रिकामे कंस. दुसरा त्याच्या प्रश्नचिन्हाखाली: रिकामे कंस परत करणाऱ्या असिंक ब्लॉकमध्ये हे चिन्ह वापरता येत नाही. आता बिचाऱ्याने पूर्ण फाइलमध्ये एकही असिंक ब्लॉक लिहिला नव्हता. त्याने दोन दिवस सगळी प्रश्नचिन्हं काढून मॅच लिहिले, परतीचा टाइप बदलला, टोकिओची आवृत्ती बदलली. सेमीकोलनच्या ओळीकडे कुणी बोटच दाखवलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुम्ही मॅक्रो वापरणारे असाल तर तीन गोष्टी करा, याच क्रमाने. पहिली, एररचा सगळ्यात खालचा भाग वाचा. तिथे एक नोट असते की हा एरर अमुक ॲट्रिब्यूट मॅक्रोमधून आला आहे. आपण सगळे वरची लाल रेघ वाचतो आणि ही ओळ सोडतो. ती दिसली की समजायचं, ओळ क्रमांकावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही.

दुसरी, ॲट्रिब्यूट कमेंट करा आणि पुन्हा बिल्ड करा. एवढंच. त्या दिवशी मी हेच केलं. टाइम्ड काढल्याबरोबर कंपायलरने शेवटच्या ओळीतल्या सेमीकोलनवर बोट ठेवलं आणि सांगितलं की हा काढ. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी चहाचे पैसे दिले. अर्थात सगळेच मॅक्रो असे काढता येत नाहीत, काहींशिवाय कोड उभाच राहत नाही. पण मोजणारे, लॉग करणारे, पुन्हा प्रयत्न करणारे मॅक्रो बहुतेक वेळा काढता येतात.

तिसरी, कार्गो एक्स्पांड. डेव्हिड टॉल्ने यांचं हे साधन मॅक्रो उलगडून अंतिम मजकूर दाखवतं. गुंडाळी डोळ्यांनी दिसली की अर्धं कोडं सुटतं. तो मजकूर वेगळ्या फाइलमध्ये टाकून कंपाइल केलात तर एरर खऱ्या ओळीवर येतो. मात्र उलगडलेला मजकूर दर वेळी जसाच्या तसा कंपाइल होईलच असं नाही. तो वाचायला आहे, प्रॉडक्शनमध्ये टाकायला नाही.

आता लिहिणाऱ्याची बाजू. माझी.

दुरुस्ती ऐकून हसाल. असिंक ब्लॉकच्या अगदी पहिल्या ओळीत मॅक्रोने असं लिहायचं: इफ फॉल्स, महिरपी कंस सुरू. लेट, एक विचित्र नाव, कोलन, फंक्शनचा परतीचा टाइप, बरोबर, लूप आणि रिकामे महिरपी कंस. पुढे रिटर्न, तेच विचित्र नाव. कंस बंद.

हा कोड कधीच चालत नाही, इफ फॉल्स आहे ना. पण टाइप तपासणारा त्यातून जातोच. त्याला ब्लॉकमधलं पहिलंच रिटर्न दिसतं आणि त्याचा टाइप रिझल्ट आहे हे कळतं. अंदाज संपला. पुढे शेवटी रिकामे कंस आले की तो तिथेच, तुमच्या मजकुरावर, तक्रार करतो आणि सेमीकोलन काढायला सांगतो. ही कल्पना माझी नाही. ट्रेसिंगचा इन्स्ट्रुमेंट हेच करतो, आणि असिंक ट्रेट नावाच्या क्रेटमध्ये इफ लेट सम, बरोबर नन, अशा रूपात हीच युक्ती आहे. मी तो कोड तीन वर्षांपूर्वी वाचला होता आणि "हे काय न चालणारं लिहून ठेवलंय" म्हणून माझ्या मॅक्रोमधून गाळलं होतं. खरंच.

एक अडचण येते. परतीच्या टाइपमध्ये इम्पल अमुक ट्रेट असं असेल तर ते लेटमध्ये लिहिता येत नाही. तेवढ्या जागी अंडरस्कोर टाकायचा, बाकीचा टाइप तसाच ठेवायचा.

आणि ही गोष्ट फक्त चांगल्या एररपुरती नाही. माझ्या मॅक्रोमुळे बरोबर कोडसुद्धा अडत होता! समजा फंक्शन म्हणतं, मी रिझल्ट देईन आणि त्याच्या आत बॉक्स, बॉक्समध्ये डिन हँडलर. पोटाच्या शेवटी ओके, त्यात बॉक्स न्यू, त्यात एक ठोस स्ट्रक्ट. साध्या फंक्शनमध्ये हे चालतं, कारण काय हवंय ते कंपायलरला आधीच ठाऊक असतं आणि तो ठोस बॉक्सचा डिन बॉक्स करून घेतो. गुंडाळलेल्या ब्लॉकमध्ये त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ठोस टाइपवरच थांबतो. नंतर बाहेर टाइप जुळत नाहीत, आणि रिझल्टच्या आत शिरून बॉक्स बदलता येत नाही. एरर पुन्हा माझ्या ॲट्रिब्यूटवर. नंतर कळलं की टीममधल्या दोघांनी अशा फंक्शनवरून टाइम्ड काढून टाकला होता, मला न सांगता. त्या फंक्शनांचे आकडे आमच्या डॅशबोर्डवर कधी आलेच नाहीत, आणि मी समजत होतो की तिकडे ट्रॅफिकच नाही.

पुढचा मुद्दा स्पॅन. मॅक्रोने बनवलेल्या प्रत्येक टोकनला एक पत्ता चिकटलेला असतो: एरर आला तर कुठे दाखवायचा. कोट मॅक्रोने काहीही बनवलं की पत्ता पडतो ॲट्रिब्यूटच्या ओळीचा. म्हणून लाल रेघ तिथे. कोट स्पॅन्ड वापरलं तर पत्ता आपण देऊ शकतो, आणि त्या न चालणाऱ्या ओळीला मी आता परतीच्या टाइपचा स्पॅन देतो. म्हणजे टाइपवरूनच भांडण निघालं तर रेघ बाणापुढच्या टाइपखाली येते. लेखकाने लिहिलेल्या टोकनांना मात्र हात लावायचा नाही, त्यांचे मूळ पत्ते तसेच पुढे द्यायचे. मजकुराचा स्ट्रिंग करून पुन्हा पार्स करणारे मॅक्रो मी पाहिलेत, त्यात सगळे पत्ते पुसले जातात. कृपा करून असं करू नका.

याच पत्त्यांशी जोडलेला दुसरा घोळ नावांचा. माझा मॅक्रो घड्याळ "स्टार्ट" नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. कुणी स्वतःच्या फंक्शनला स्टार्ट नावाचा पॅरामीटर दिला तर? माझ्या स्टार्टने त्याचा स्टार्ट झाकला. त्याला आकडा हवा, मिळतं घड्याळ. स्पॅन मिक्स्ड साइट प्रकारचा दिला की मॅक्रोची लोकल नावं वेगळी राहतात. २०२० मधल्या १.४५ पासून हे स्थिर रस्टमध्ये आहे, म्हणजे मला सबब नव्हती.

सेंडबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पूर्ण भाग होईल. "हे फ्युचर थ्रेडमध्ये सुरक्षित पाठवता येत नाही" हा एरर असिंक ट्रेट लावल्यावर खूप जणांना येतो, आणि इथे मॅक्रो निर्दोष असतो. तो तुमचं फ्युचर बॉक्समध्ये घालताना सेंडची अट घालतो आणि तुम्ही स्टँडर्ड लायब्ररीच्या म्यूटेक्सचा गार्ड अवेटच्या पलीकडे धरून ठेवलेला असतो. गार्डचं काम महिरपी कंसात संपवा, अवेट त्या कंसाबाहेर करा. डिसेंबर २०२३ मध्ये १.७५ ने ट्रेटमध्ये थेट असिंक फंक्शन लिहायची सोय दिली, पण डिन म्हणून वापरायचं असेल तर ती पुरत नाही, त्यामुळे हा क्रेट अजून सगळ्यांच्या यादीत आहे.

गुरुवारी मी टाइम्ड दुरुस्त केला. ट्रायबिल्ड नावाचा क्रेट आहे, त्यात मुद्दाम चुकीच्या फाइली ठेवायच्या आणि कंपायलरने नेमका कोणता एरर द्यायला हवा ते शेजारी लिहून ठेवायचं. एरर बदलला की टेस्ट पडते. त्या मुलाला म्हटलं, चुकीची पहिली फाइल तू लिही. त्याने आपलं तीस ओळींचं फंक्शन चार ओळींवर आणलं, शेवटी सेमीकोलन मारला, आणि फाइलचं नाव ठेवलं "दोन दिवस". रिव्ह्यूमध्ये मी नाव बदलायला सांगितलं नाही. तो अजून आमच्याच टीममध्ये आहे, आणि परवा त्याने माझ्या दुसऱ्या मॅक्रोवर तक्रार टाकली आहे. ती मी आज संध्याकाळी बघणार आहे.