स्नायू ओढतो, ढकलत नाही

मंडळी, डाव्या हाताने उजवा दंड धरा आणि उजवा हात कोपरात घट्ट वाकवा. दंडाच्या पुढच्या बाजूस बेटकुळी टरारून वर येते. आता तोच हात समोरच्या भिंतीवर जोराने रेटा. बेटकुळी सैल पडते आणि दंडाची मागची बाजू कठीण होते. एवढ्या लहानशा प्रयोगात शरीराची एक मोठी गोष्ट कळते. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. भिंत रेटताना दंडामागचा स्नायू कोपराचे टोक आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून हात सरळ होतो.

यासाठी आपले स्नायू जोडीने काम करतात. दोघांनी मिळून चालवायची मोठी करवत आठवा. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो. दंडाच्या पुढच्या स्नायूला वरच्या बाजूला दोन मुळे असतात, म्हणून तो द्विशिरस्क. मागच्याला तीन असतात, म्हणून तो त्रिशिरस्क. स्नायू हाडाला बांधला जातो तो चिवट, पांढऱ्या दोरीसारख्या कंडरेने. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट कंडरा.

हाडे हलवणारे असे सहाशेहून अधिक स्नायू आपल्या अंगात आहेत. धडधाकट पुरुषाच्या वजनापैकी साधारण चाळीस टक्के वजन यांचेच. स्त्रियांत ते काहीसे कमी. सगळ्यांची नावे पाठ करायचे कारण नाही, पण मोठमोठ्यांची ओळख हवी. गालाच्या मागच्या भागातला चर्वणस्नायू भाकरी चावतो. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू खांदे उचलून धरतो. छातीचा स्नायू हात पुढे आणि आत ओढतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे श्वासपटल आहे. ते खाली सरकले की छातीत हवा शिरते. कण्याच्या दोन्ही अंगांना उभे, लांब स्नायू आहेत. ते आपल्याला ताठ ठेवतात, आणि पुढून पोटाचे स्नायू त्यांना आधार देतात.

कमरेखाली खरे पहिलवान राहतात. आपण ज्यावर बसतो तो बैठकीचा स्नायू शरीरात सर्वांत मोठा. चढण चढताना, उकिडवे बसून उठताना तोच जोर लावतो. मांडीच्या पुढचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचे स्नायू तो वाकवतात. पोटरीचे स्नायू टाच उचलतात आणि आणखी एक काम करतात. प्रत्येक पावलागणिक ते शिरा दाबून पायातले रक्त वर हृदयाकडे लोटतात. तासन्‌तास एका जागी उभे राहिले की पाय सुजतात ते बहुधा हा पंप बंद पडल्यामुळे.

स्नायू आखडतो तरी कसा? त्याच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म धाग्यांचे दोन प्रकार असतात, एक जाड आणि एक बारीक. १९५४ साली अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली या शास्त्रज्ञांनी, आपापल्या सहकाऱ्यांबरोबर पण वेगवेगळे काम करून, एकाच वेळी याचा उलगडा मांडला. आडनाव एक असले तरी ते नातेवाईक नव्हते. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवा. बोटे तेवढीच राहतात, पण हात जवळ येतात. स्नायूतले धागे तसेच एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो.

आता थोडे गणित करू, कारण आपल्या कमरेचे दुखणे या गणितात आहे. द्विशिरस्क स्नायू कोपरापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो. तळहात मात्र पस्तीस सेंटीमीटरवर, म्हणजे सातपट लांब. हात काटकोनात वाकवून दहा किलोची बादली धरली, तर दंडाच्या स्नायूंना मिळून सत्तर किलोंइतका जोर लावावा लागतो. तुम्ही म्हणाल, हा तोट्याचा व्यवहार झाला. पण त्याच्या मोबदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हात झपकन लांबवर फिरतो.

हाच हिशेब पाठीला लावा. कण्यामागचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटीमीटरवर असतात. वीस किलोचे पोते कण्यापासून पन्नास सेंटीमीटर दूर धरून उचलले, तर त्यांना दहापट, म्हणजे दोनशे किलोंचा ताण पडतो. तेच पोते पोटाशी आणून अंतर पंचवीसवर आणले, तर ताण शंभरावर येतो. वाकलेल्या धडाचे वजन पडते ते निराळेच. पोते तेच, माणूस तोच, पण पाठीवरचा भार निम्मा!

म्हणून ओझे उचलताना त्याच्या अगदी जवळ उभे राहा. पाय थोडे फाकवा, गुडघ्यात आणि खुब्यात वाका, पोते पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. ओझे हातात असताना कंबर पिळू नका. वळायचे तर पावले टाकून वळा. जड पोत्याला दोघांनी हात लावावा. त्यात कमीपणा कसला?

एवढे करूनही कमरेत उसण भरलीच, तर घाबरू नका. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. अंथरूण धरून पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे चालतेफिरते राहणे बरे. परंतु पाय बधिर झाले, पायातला जोर गेला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर चोळत-मळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर झाला तर कायमचे पंगुत्व येऊ शकते.

न वापरलेला स्नायू झिजतो. प्लास्टर काढलेला हात बारीक दिसतो तो याच कारणाने. वय वाढते तसा तो थोडाथोडा उतरतो, पण त्याची उमेद जात नाही. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातल्या वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला, आणि त्यांच्या पायांतली ताकद चांगलीच वाढली. तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना, त्यांच्या प्रकृतीला झेपत असेल तर, रोज चार-दहा वेळा खुर्चीवरून उठून बसायला सांगा. शक्यतो हाताचा टेकू न घेता.

गुरुजींनी हा धडा वर्गात असा शिकवावा. पाण्याने भरलेला तांब्या एका मुलाने आधी छातीशी धरावा, मग हात लांब करून धरावा, आणि दोन्ही वेळा किती वेळ धरता आला ते इतरांनी घड्याळात मोजावे. आकडे फळ्यावर लिहावेत. मुले संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना पोते जवळ घेऊन उचलायला सांगतील, आणि आईला भरलेली घागरही.