दुखऱ्या कंबरेला व्यायाम सोसेल का?

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिली की डॉक्टर तिला जुनाट दुखणं म्हणतात. तोवर एमआरआय होऊन गेलेला असतो, कपाटात कमरेचा पट्टा आलेला असतो आणि घरातला प्रत्येक जण एकच सांगत असतो : जप. वाकू नकोस, बादली उचलू नकोस, खाली बसू नकोस. हे सगळं मायेपोटी असतं, म्हणून ते मोडवत नाही. पण जपण्याच्या या सवयीनेच अनेकांची कंबर वर्षानुवर्षं दुखत राहते, आणि ते पाहून मन कळवळतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत आखून केलेल्या व्यायामाची शिफारस आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन यांचा वापर मात्र सरसकट करू नये, असं म्हटलं आहे. आपल्याकडे अजून नेमकं उलटं चालतं.

‘मणक्यात गॅप आहे, व्यायामाने गादी आणखी सरकेल’

ही सगळ्यांत मोठी भीती. दोन मणक्यांमधली गादी सुटी ठेवलेली नसते, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. वाकलं, वळलं म्हणून ती जागेवरून घसरत नाही. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, उंची थोडी घटते, कडा थोड्या फुगतात. रिपोर्टात हेच लिहून येतं आणि घरी त्याचा ‘गॅप’ होतो.

पण असे बदल कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांतही सापडतात. कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. गादी फुगल्याचं विशीतल्याच ३० टक्के लोकांत आढळलं. यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती! म्हणजे रिपोर्टातल्या त्या ओळीवरून दुखण्याचं कारण सापडलं असं धरता येत नाही, आणि व्यायामावर बंदी तर मुळीच घालता येत नाही. गादीचा भाग खरोखर बाहेर येऊन नस दाबली गेली, पायात कळा जाऊ लागल्या, तरी पुष्कळदा शरीर तो भाग काही महिन्यांत आपोआप जिरवतं.

काही लक्षणं मात्र वेगळी, आणि ती प्रत्येकाला माहीत हवीत. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणं : यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना उतरणारं वजन यांसोबत कंबर दुखत असेल तर तपासणी टाळू नये, कारण आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. वयस्क बाईची कंबर किरकोळ पडण्यानंतर अचानक दुखू लागली, तर हाड मोडलं नाही ना हे पाहावं लागतं. तरुण मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडते आणि हालचालीने मोकळी होते, तर सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. बाकी सुमारे ९० टक्के रुग्णांत असं एखादं ठरावीक कारण सापडत नाही, आणि पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

‘दुखतंय तोवर पडून राहावं’

१९८६ साली अमेरिकेत सात दिवस झोपून राहणाऱ्यांची दोन दिवस झोपणाऱ्यांशी तुलना केली गेली. जास्त झोपल्याचा फायदा दिसला नाही. १९९५मध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात, कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी जे जमेल तशी नेहमीची कामं करत राहिले ते सर्वांत लवकर बरे झाले. झोपून राहणारे मागे पडले, आणि नेमून दिलेले व्यायाम करणारेही कामं करणाऱ्यांच्या मागेच होते. म्हणजे ताज्या उसणीला वेगळा व्यायाम लागत नाही, नेहमीचा वावर पुरतो. आखलेल्या व्यायामाचा उपयोग दुखणं जुनं झाल्यावर.

‘व्यायाम करताना दुखलं म्हणजे आत काहीतरी बिघडलं’

बहुतेक जण इथेच व्यायाम सोडतात. महिनोन्‌महिने दुखत राहिलेल्या कंबरेत वेदनेची यंत्रणाच हळवी झालेली असते. साध्या हालचालीलाही ती धोक्याची घंटा वाजवते. त्यात माणूस वाकणं टाळतो, पाठीचे आणि नितंबांचे स्नायू अशक्त होतात, मग थोड्याशा कामानेही दुखतं आणि भीती आणखी वाढते. ही साखळी तुटते ती हळूहळू वाढवलेल्या हालचालीने.

त्यासाठी मोजमाप साधं आहे. व्यायामात थोडं दुखलं, सोसवेल इतकं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर. सकाळी जास्त दुखत असेल तर मात्रा कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही. सुरुवात अगदी थोड्यापासून करावी : हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, दहा मिनिटं चालणं. दर आठवड्याला थोडी भर. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. असे कार्यक्रम बहुधा ८ ते १२ आठवड्यांचे असतात, ते याच कारणाने.

‘कंबरेसाठी अमुकच व्यायाम’

कुणी सांगतं योग, कुणी पोहणं, कुणी पोटाच्या स्नायूंचे व्यायाम. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. काहीच उपचार न घेणं किंवा नेहमीचे उपचार घेणं यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी झाली. हा आकडा चमत्काराचा नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पण रोज दुखणाऱ्याला तेवढा उतार पुन्हा कामावर उभं करू शकतो. व्यायामप्रकारांमधला फरक त्या मानाने थोडा निघतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०११ साली योगवर्ग आणि साध्या ताणाच्या व्यायामांचे वर्ग यांची तुलना झाली. दोन्हींचा फायदा झाला, आणि जवळपास सारखाच. म्हणून जो व्यायाम आवडतो, परवडतो आणि घराजवळ जमतो, तो निवडावा. योग आवडत असेल तर जरूर करा, फक्त पहिल्याच दिवशी पूर्ण पुढे वाकण्याचा हट्ट नको.

भातलावणीत किंवा हमालीत राबणारे विचारतात, ‘दिवसभर अंगमेहनतच करतो, आणखी व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण कामात वजन किती, वेळा किती, विसावा केव्हा, हे मुकादम आणि हंगाम ठरवतो. व्यायामात ते तुम्ही ठरवता, आणि कामात न वापरले जाणारे स्नायूही वापरता. मात्र थकलेल्या शरीरावर आणखी तासभर लादण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं पुरेत, आणि जमलं तर कामाच्या मधे पाठ उलट दिशेला ताणावी.

‘पुन्हा दुखलं, म्हणजे व्यायाम वाया गेला’

कंबरदुखी उलटते, व्यायाम करणाऱ्यांचीही. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हे सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. त्यांच्यापैकी ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं, त्यांचं दुखणं परतायला मध्यकानुसार २०८ दिवस लागले. इतरांना ११२. चालायला फक्त बूट लागतात, म्हणून ही बातमी फार मोलाची वाटते.

तेव्हा कंबर पुन्हा धरलीच तर दोन-तीन दिवस मात्रा निम्मी करा, लागल्यास डॉक्टरांना विचारून वेदनाशामक घ्या, घरात फिरत राहा. मग जिथे थांबला होतात तिथून थोडं अलीकडे सुरुवात करा आणि पुन्हा आठवड्याआठवड्याने वाढवत न्या.