चंद्राचे अंतर आणि प्रकाशाचा गोंगाट

खोल विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारावी, प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजावा, आणि त्यावरून पाण्यापर्यंतचे अंतर काढावे. लेसरने अंतर मोजण्याचे तत्त्व याहून वेगळे नाही. फक्त हाकेच्या जागी प्रकाशाचा एक क्षणिक झोत असतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटीमीटर जातो. जाऊन परत यायचे असल्याने वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात १५ सेंटीमीटरची चूक होते. कला शाखेच्या वाचकाला एवढे गणित पुरे आहे. खरी गंमत यापुढे आहे, कारण परत आलेली हाक ओळखायची कशी हाच या शास्त्रातला अवघड प्रश्न आहे.

याचे सर्वांत कठीण उदाहरण म्हणजे चंद्र. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक परावर्तक फलक ठेवला. त्यात काचेचे १०० लोलक आहेत. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, तशा आकाराचा प्रत्येक लोलक असतो. त्यावर कोणत्याही बाजूने प्रकाश पडो, तो आल्या वाटेनेच परत जातो. १९७१ साली अपोलो १४ व १५ यांनी असेच फलक ठेवले आणि सोव्हिएत रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवर फ्रेंच बनावटीचे परावर्तक होते.

आता हिशेब पाहू. लेसरची शलाका कितीही सरळ म्हटली तरी पसरतेच. पृथ्वीवरून निघालेली शलाका चंद्रावर पोचेपर्यंत दोनेक किलोमीटर रुंद होते, आणि तिचा कणभर अंश त्या छोट्या फलकावर पडतो. परतताना तो पुन्हा पसरतो. पृथ्वीवर त्याचा डाग सुमारे १५ किलोमीटरचा होतो आणि आपली दुर्बीण त्यातला वाटीभर प्रकाश झेलते. अंतर दुप्पट झाले तर जाताना चौथा हिस्सा उरतो आणि येताना त्याचाही चौथा हिस्सा. म्हणजे एकूण सोळावा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील अपाची पॉइंट वेधशाळेच्या ३.५ मीटरच्या दुर्बिणीतून २००६ पासून हे मोजमाप नियमित होऊ लागले. तेथून एका स्पंदात हिरव्या प्रकाशाचे सुमारे ३ वर १७ शून्ये इतके कण निघतात. चांगल्या रात्री त्यांपैकी परत येतो साधारण एक!

तो एक कण ओळखायचा कसा? चंद्र स्वतःच उजळलेला, आकाशही थोडेफार उजळ, शिवाय प्रकाश टिपणारे उपकरण अंधारातही मधूनच उगाच ‘आला, आला’ म्हणून ओरडते. या सगळ्याला अभियंते गोंगाट म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना पलीकडच्या टोकाला बसलेल्या आजीचे बोलणे ऐकावे, तसा हा प्रकार.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे मोठ्याने ओरडणे. लेसरची ताकद वाढवायची. पण हा उपाय खर्चिक आणि बराचसा अडाणी आहे. वीज जास्त लागते, उष्णता वाढते, आरशांचे लेप जळतात, आणि एवढे करून बाहेरचा गोंगाट तेवढाच राहतो. अनेक मोजमापांची सरासरी काढावी, तर तिचाही नियम कंजूष आहे. एका कणामागे ३० मिलिमीटरची अनिश्चितता असेल, तर ती १ मिलिमीटरवर आणायला ३० नव्हे, ९०० कण लागतात. अचूकता दुप्पट हवी असेल तर वीज चौपट मोजा.

म्हणून शहाणपण कान बंद ठेवण्यात आहे. लेसरच्या रंगाचाच अरुंद पट्टा आत सोडणारी गाळणी लावली की इतर रंगांचा प्रकाश बाहेर राहतो. दुर्बिणीची नजर फलकाभोवतीच्या इवल्याशा जागेपुरती ठेवली की उरलेला चंद्र दिसेनासा होतो. टिपणारे उपकरण थंड ठेवले की त्याची स्वतःची बडबड कमी होते. परंतु सर्वांत प्रभावी युक्ती वेळेची आहे. प्रकाश जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात, आणि कण नेमका केव्हा येईल हे आधी गणिताने काढता येते. म्हणून दार १०० नॅनोसेकंदच उघडायचे. सेकंदाला २० वेळा उघडले तरी उघडे राहण्याचा एकूण वेळ सेकंदाचा पाच लाखावा भाग होतो. तेवढ्याच प्रमाणात गोंगाटही घटतो!

शक्तीची काटकसरही अशीच. अपाची पॉइंटच्या लेसरचा एक स्पंद ११५ मिलिज्यूलचा. सेकंदाला २० स्पंद धरले तर सरासरी २.३ वॅट, म्हणजे हातातल्या विजेरीएवढी. पण ती सगळी ऊर्जा ९० पिकोसेकंदांत कोंबलेली असल्याने त्या क्षणापुरती शक्ती एक अब्ज वॅटच्या वर जाते. आरंभीच्या काळात टेक्सासच्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेतील रूबी लेसरचा स्पंद कित्येक नॅनोसेकंद लांब होता आणि अचूकता वीस-पंचवीस सेंटीमीटर होती. आता ती मिलिमीटरांत आली आहे. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो, हे इतक्या निश्चितपणे सांगता येते ते याच मोजमापांमुळे.

मात्र अरुंद दाराला एक किंमत आहे. लुनोखोद १ नेमकी कुठे थांबली हे ठाऊक नसल्याने तिच्या परावर्तकाचा पत्ता जवळजवळ चार दशके लागत नव्हता. शोध घेतला जाई, पण चुकीच्या जागी आणि म्हणून चुकीच्या क्षणी. प्रकाश आला असता तरी दार बंदच असते. २०१० साली नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘लूनर रेकॉनिसन्स ऑर्बिटर’ यानाच्या छायाचित्रांत ती गाडी दिसली. जागा कळताच एप्रिलमध्ये अपाची पॉइंटहून झोत सोडला, आणि इतका भरघोस प्रतिसाद आला की लुनोखोद २ चा परावर्तक तिच्यापुढे फिका पडला.

आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा असा एक परावर्तक आहे. जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद, त्यात आठ लोलक. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम उतरला, आणि पुढे चंद्राच्या रात्रीनंतर तो पुन्हा जागा झाला नाही. त्या लोलकांना मात्र वीज लागतच नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी त्याच ऑर्बिटरने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यांच्यावर लेसर सोडला, आणि निद्रिस्त विक्रमकडून प्रकाश परत आला.