पाइनचं झाड, विषारी साप आणि तेरा पट्टे

एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला अमेरिकन क्रांतीची पहिली गोळी सुटली. तारे-पट्टेवाल्या झेंड्याचा ठराव मात्र थेट १४ जून १७७७ चा! मधली दोन वर्षं, ज्याचा जसा राग तसं त्याचं निशाण.

सगळ्यांत जिवंत राग पाइनच्या झेंड्यावर दिसतो. न्यू इंग्लंडमधले उंच, सरळसोट पांढरे पाइन ब्रिटिश आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखीव असत. सरकारी माणसं खोडावर कुऱ्हाडीने बाणाची खूण करून जात; मग ते झाड तोडणं गुन्हा. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या वेअर गावात लोकांनी यापायी शेरीफलाच छड्यांनी झोडपलं. पुढे १७७५ मध्ये बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या जहाजांवर तेच हिरवं झाड पांढऱ्या कापडावर फडकलं. सोबतची ओळ तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या लेखनातली: आता दाद देवाकडेच! राजाने हिरावलेलं झाडच राजाविरुद्ध उभं करायचं, याहून नेमकं निशाण मला तरी सापडत नाही.

रॅटलस्नेकचीही कथा न्यारी. १७५४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या वर्तमानपत्रात आठ तुकडे झालेला साप छापला होता: एक व्हा, नाहीतर मरा. एकवीस वर्षांनी बंडखोर पुढारी क्रिस्टोफर गॅड्सडेनच्या पिवळ्या झेंड्यावर तो अखंड, वेटोळं घालून बसलेला दिसतो आणि बजावतो, माझ्यावर पाय देऊ नका.

आणि हे वाचाच: बंडखोरांच्या सुरुवातीच्या एका झेंड्यावर तेरा वसाहतींचे तेरा पट्टे होते, पण कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचंच निशाण! ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडाही जवळजवळ असाच. त्याच वर्षांत, म्हणजे १७७५ ते ८२, आपले मराठे त्या कंपनीशी पहिलं इंग्रज-मराठा युद्ध लढत होते.

१७७७ च्या ठरावाने झेंड्यावर तारे आले, पण ते मांडायचे कसे हे ठरावात नव्हतंच. कुणी वर्तुळात शिवले, कुणी रांगेत. आराखड्याचं श्रेय सांगणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सनने १७८० मध्ये मोबदला म्हणून वाइनचं पिंप मागितलं. अमेरिकन काँग्रेसने ते दिलं नाही.

रणांगणावर मात्र निशाणाला मोल प्राणांचं. तोफा-बंदुकांच्या धुरात आपली पलटण कुठे, हे त्यावरूनच कळे. २८ जून १७७६ ला चार्ल्स्टनजवळच्या सलिव्हन किल्ल्यावर काठी तुटून निशाण तटाबाहेर पडलं, तर सार्जंट विल्यम जॅस्परने भर तोफांच्या माऱ्यात उडी टाकून ते परत उभारलं. १७८० मध्ये चार्ल्स्टन पडलं तेव्हा ब्रिटिशांनी अमेरिकनांना निशाणं गुंडाळून बाहेर पडायला लावलं. पुढल्याच वर्षी यॉर्कटाउनला ब्रिटिश शरण आले. अमेरिकनांतर्फे वाटाघाटीला बसलेला जॉन लॉरेन्स चार्ल्स्टनच्या कैद्यांपैकीच होता! मग ब्रिटिशांनाही निशाणं गुंडाळूनच बाहेर पडावं लागलं.

ब्रिटिश अधिकारी टार्लटनने जिंकून नेलेली चार अमेरिकन निशाणं त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. १४ जून २००६ ला न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ७४ लाख डॉलर मिळाले.