चौदा दिवस टिकायचं तर

शरीरातल्या साखरेवर दिवसरात्र नजर ठेवणारा सेन्सर दंडाला बसवायला मिनिटभरही लागत नाही. स्प्रिंगच्या जोराने सुई आत जाते, त्याच क्षणी मागे येते आणि जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा लवचीक तंतू त्वचेखाली राहतो. तंतूवरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पेशींच्या मधल्या द्रवातल्या ग्लुकोजवर काम करतं, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि दर काही मिनिटांनी मोबाइलवर आकडा उमटतो. विकर बसवलेल्या इलेक्ट्रोडने ग्लुकोज मोजण्याची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली. १९९९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला सेन्सर तीन दिवस चालायचा आणि त्याचे आकडे डॉक्टरांना नंतर संगणकावर पाहावे लागायचे. आजचे सेन्सर दहा, चौदा, पंधरा दिवस चालतात.

विकर एवढे दिवस काम देतं, बॅटरीही पुरते. प्रश्न येतो तो सेन्सरच्या चकतीखालच्या गोंदाचा. सहाव्या-सातव्या दिवशी एक कड सुटते, तिच्यात बनियनचा धागा अडकतो आणि एका सकाळी काही हजार रुपयांची चकती उशीवर सापडते. तंतू मऊ असल्यामुळे निघालेला सेन्सर पुन्हा आत घालता येत नाही; तो वाया जातो. आपल्याकडे बहुतेकांना हा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. शिवाय घरात टाइप वन मधुमेह असलेलं मूल असेल, तर मध्यरात्री साखर खाली गेल्यावर वाजणारा अलार्मही त्या चकतीबरोबर गेलेला असतो. म्हणून गोंदाचा विषय मला किरकोळ वाटत नाही. सेन्सर देताना अ‍ॅप कसं वापरायचं, आलेख कसा वाचायचा हे सगळं सांगितलं जातं. त्वचा कशी तयार करायची यावर मात्र बऱ्याचदा दोन वाक्यांपलीकडे कोणी बोलत नाही.

अकाली निघालेल्या चकतीची चिकट बाजू उजेडात धरून पाहा. गोंद बहुधा तिथेच असतो. त्यावर एक पांढुरका पापुद्रा दिसतो. तो आपल्याच त्वचेचा असतो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा. त्याला शृंगस्तर म्हणतात. दंडावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी असते आणि तेवढ्यात चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकमेकांवर बसलेले असतात. खालून नव्या पेशी वर सरकतात. वरच्या पेशींना जोडून ठेवणारे प्रथिनांचे दुवे त्वचेतलीच विकरं हळूहळू तोडतात आणि पेशी गळून पडतात. हा थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे सेन्सर लावला त्या दिवशी थराच्या तळाशी असलेली पेशी चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटायच्या बेतात असते. गोंदाने आपली पकड सोडली नाही, तरी ज्याला पकडलं ते निघून जाणारच असतं. दोन आठवडे चिकटून राहण्याची मर्यादा अशी त्वचेच्या स्वभावातच आहे. तिच्याशी झुंजण्यापेक्षा तिच्या कलाने घेणं शहाणपणाचं.

आता गोंदाकडे वळू. बहुतेक सेन्सरखाली अ‍ॅक्रिलिक जातीचा, दाबल्यावर चिकटणारा गोंद असतो. तो सुकून कडक होत नाही. काकवीसारखा तो फार हळू वाहतो आणि ओढला की घन पदार्थासारखा प्रतिकार करतो. थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी दाखवून दिलं होतं, की असा पदार्थ ठरावीक मर्यादेपेक्षा कडक असेल तर तो पृष्ठभागावर नीट टेकतच नाही, मग चिकटणं दूरच. त्वचा डोळ्यांना सपाट दिसली तरी तिच्यावर रेषांचं, खळग्यांचं जाळं असतं. गोंद त्या खळग्यांत उतरायला हवा, आणि त्याला लागतात दोन गोष्टी: दाब आणि वेळ. पहिल्या काही तासांत ही पकड वाढत जाते. म्हणून सेन्सर लावल्यावर चकतीच्या कडेने बोट गोल फिरवत मिनिटभर दाबून धरणं आणि त्यानंतर अंघोळ, पोहणं, व्यायाम काही तास पुढे ढकलणं यात मोठा फायदा आहे. रात्री जेवण उरकल्यावर सेन्सर लावला की गोंदाला निवांत रात्र मिळते. सुईने झालेली बारीकशी जखमही त्याच काळात शांत होते. पहिल्या दिवसाचे आकडे जरा डळमळीत असतात ते या जखमेमुळेच.

गोंद खळग्यांत उतरायच्या आधी तिथे दुसरं काही बसलेलं असेल, तर दाबूनही उपयोग नाही. तेल, क्रीम, पावडर, घाम, साबणाचा थर, सुटलेल्या पेशी हे ते दुसरं काही. ओलावा देणारे, क्रीमयुक्त साबण अंगावर मुद्दाम स्निग्ध थर सोडतात. त्यामुळे सेन्सरच्या दिवशी दंडाची ती जागा साध्या साबणाने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मग स्पिरिटच्या स्वॅबने पुसावी आणि स्पिरिट आपोआप उडून जाऊ द्यावं. इथे घाई होते. ओल्या स्पिरिटवर चकती दाबली, तर गोंद आणि त्वचा यांच्यामध्ये द्रवाचा थर अडकतो. केस दाट असतील तर ते कापावेत. गोंद केसांना धरतो, त्वचेला नाही. वस्तरा फिरवायचा असेल तर तो आदल्या दिवशी, कारण ताज्या ओरखड्यांवर स्पिरिटही झोंबतं आणि गोंदही.

जागा निवडताना दंडाची मागची, मांसल बाजू घ्यायची; हात वाकवल्यावर जिथे त्वचा दुमडत नाही, ती. तीळ, व्रण, गाठ टाळायची. इन्सुलिन टोचायची जागा किमान अडीच सेंटिमीटर लांब ठेवायची. कुशीवर झोपणाऱ्यांनी आपली नेहमीची कूस कोणती तेही पाहावं. चकतीवर रात्रभर भार पडला तर गोंदावर ताण येतोच, शिवाय दाबामुळे तिथल्या द्रवाची ये-जा मंदावते आणि साखर खरी कमी नसतानाही सेन्सर ‘लो’ दाखवतो.

चकती मधून कधीच सुटत नाही. ती कडेने सुटते. सपाट चिकटलेली पट्टी सरळ वर ओढली तर जोर सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो. तीच कडेने उचलली तर सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि ती रेष पुढे सरकत जाते. म्हणूनच सेन्सरभोवतीचं कापड गोल असतं. टोक असेल तर ते आधी उचललं जातं. सेन्सरवर आधाराला टेप लावायची असेल, तर ती घरी कापतानाही चारही कोपरे कात्रीने गोल करावेत. एवढ्या साध्या गोष्टीने टेपचं आयुष्य वाढतं.

या कडेचे शत्रू आपल्या रोजच्या वावरण्यात आहेत. साडीच्या ब्लाउजची बाही बरोबर दंडाच्या मध्यावर संपते आणि तिची घट्ट शिवण चकतीच्या कडेवर दिवसभर घासते. ज्या बायकांचा सेन्सर वारंवार निघतो त्यांनी आधी ही शिवण तपासावी. चकती दोन बोटं वर किंवा खाली घेतली की अनेकदा प्रश्न सुटतो. झोळीचा पट्टा, लोकलच्या दारातली रेटारेटी, चौकटीला लागलेला दंड, अंघोळीनंतर खसाखसा फिरवलेला पंचा हे बाकीचे. चकतीभोवतीची जागा पुसू नये, टिपावी. कपडे घालताना सेन्सरचा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी.

हवामानाचा हिशेबही वेगळा करावा लागतो. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि चकतीखालच्या ग्रंथी काही सुट्टी घेत नाहीत. घाम आला नाही तरी त्वचेतून थोडी वाफ सतत बाहेर पडतेच. सेन्सरचं कापड सच्छिद्र असतं ते या वाफेसाठी. मुंबईच्या किंवा कोकणातल्या जुलै महिन्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, वाफ निघून जात नाही, शृंगस्तर पाणी शोषून फुगतो आणि त्याच्या पेशींची आपसातली पकड सैल होते. विदर्भातल्या मे महिन्यात घाम लवकर उडतो, पण कोरड्या, कोंडा सुटलेल्या त्वचेवर गोंद टेकतो तो कोंड्यावर. अशा वेळी सेन्सर लावायच्या आधीचे काही दिवस त्या दंडाला नियमित मॉइश्चरायझर लावावं आणि लावायच्या दिवशी मात्र काहीही लावू नये. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानात तो दंड तेवढा कोरडा ठेवावा. तेल अ‍ॅक्रिलिक गोंदात शिरतं, त्याला मऊ करतं आणि कडेकडून आत सरकत जातं.

एवढं करूनही ज्यांच्या कडा सुटतात त्यांच्यासाठी वरून लावायचे पॅच मिळतात. खेळाडू वापरतात तशी ताणली जाणारी कापडी टेपही चालते. ती लावताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. टेप ताणून चिकटवू नये. ताणलेली टेप आक्रसताना त्वचेला सोबत ओढते आणि कडेला फोड येतात. आणि चकतीच्या मध्यभागी छिद्र असेल तर ते झाकू नये. पॅच पहिल्याच दिवशी लावावा. आधी सुटलेल्या कडेखाली धूळ आणि पेशी जाऊन बसलेल्या असतात, त्यावर टेप लावणं म्हणजे फक्त ती कड झाकणं. फारच घाम येणाऱ्यांसाठी त्वचेवर आधी लावायचे चिकट द्रव किंवा संरक्षक थर देणारे वाइप असतात. ते चकतीच्या गोलाकाराभोवती लावावेत, सुई जाणार ती जागा मोकळी सोडावी.

घरात असलेला झटपट चिकटणारा गोंद मात्र कधीही वापरू नये. त्यातलं सायनोअक्रिलेट ओलाव्याच्या संपर्कात येताच उष्णता सोडत घट्ट होतं, त्वचेला भाजू शकतं, आणि कडक झाल्यावर त्वचेबरोबर ताणलं जात नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम बंद करायला डॉक्टर त्याच कुळातला पदार्थ वापरतात, पण त्याची रासायनिक रचना वेगळी असते. मुळात जास्तीत जास्त चिकट गोंद ही आपली गरजच नाही. जो गोंद चौदा दिवसांनी त्वचेला इजा न करता सोडेल तोच इथे चालतो, कारण पुढचा सेन्सर याच अंगावर कुठेतरी लागणार असतो, आणि त्यानंतरचाही. वयस्कर माणसांमध्ये तर बाह्यत्वचा आणि तिच्या खालचा थर यांची एकमेकांत गुंतलेली वळणं सपाट होत गेलेली असतात. टेप हिसकली की वरचा थरच सोलून येतो.

काहींच्या बाबतीत त्वचा उघडपणे नकार देते. २०१७ साली बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका लोकप्रिय सेन्सरमुळे पुरळ उठलेल्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा दोषी निघालं आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट नावाचं रसायन. ते चकतीच्या प्लॅस्टिकच्या भागातून झिरपत गोंदापर्यंत पोहोचत होतं. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस संस्थेने २०२० सालचा ‘अ‍ॅलर्जेन ऑफ द इयर’ म्हणून याच रसायनाची निवड केली आणि पुढे उत्पादनात बदलही झाले. चकती काढल्यावर दिसणारी, एक-दोन दिवसांत मावळणारी लाली ही अ‍ॅलर्जी नसते. चकतीच्या आकाराबाहेर पसरणारी खाज, पाण्याचे फोड, आणि दर नव्या सेन्सरगणिक आधीपेक्षा लवकर उठणारं पुरळ ही तिची खूण. तिथे घरगुती उपाय करत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमकं कारण शोधू शकतात. चकतीखाली वेगळा पातळ थर ठेवण्याचा मार्ग काही डॉक्टर सुचवतात, पण त्या थरामुळे तंतू कमी खोल जातो. म्हणून तो स्वतःच्या मनाने करू नये.

काढतानाही त्वचेचा विचार आधी. इथे खोबरेल तेल कामाला येतं: कडेने लावावं, पाच-दहा मिनिटं थांबावं. मग एका हाताने त्वचा दाबून धरून पट्टी वर न खेचता तिच्याच अंगावर दुमडत, त्वचेला समांतर, सावकाश मागे न्यावी. गोंद हळू ओढला की वाहतो, झटका दिला की घट्ट धरतो. नंतर तेल साबणाने धुवावं, आणि पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावावा, म्हणजे या त्वचेला भरून यायला दोन आठवडे मिळतात.

सेन्सर अर्धवट सुटला आणि आकडे विचित्र दिसू लागले, तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहावं. अर्धवट बाहेर आलेल्या तंतूच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरवू नये. पूर्ण निघाला तर तो कचऱ्यात टाकायच्या आधी त्यावरचा आणि खोक्यावरचा अनुक्रमांक, लावल्याची व निघाल्याची तारीख लिहून ठेवावी, फोटो काढावा आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावं. मुदतीआधी पडलेला सेन्सर बदलून मिळू शकतो. त्यासाठी विचारावं मात्र आपणच लागतं.